अम्मींच्या अंगणातला गुलाब

आमच्या बाल्कनीत आज सात गुलाब आहेत. त्यांच्याआधी नऊ मेले, हे सुरुवातीलाच कबूल करतो. पुढे जे लिहिले आहे ते बरेचसे त्या नऊ कुंड्या रिकाम्या करताना शिकलेले आहे.

आम्ही सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोघेही शिक्षक. चार वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला आणि बार्शीचे घर बंद करून आम्ही अम्मींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, इकडे घेऊन आलो. बार्शीला अंगण होते. अंगणाच्या कडेला, वुजूचे पाणी जिथून वाहून जाई तिथे, गावठी गुलाबाचे एक झुडूप होते. फिक्या गुलाबी रंगाची, पाकळ्या भरगच्च असलेली, हातात धरली तरी वास बोटांना राहणारी फुले. अम्मी दर उन्हाळ्यात त्याचा गुलकंद घालायच्या. फ्लॅटमध्ये आल्यावर त्यांना करमेना. जेवण कमी झाले, बोलणे त्याहून कमी. त्यांचे मन रमावे म्हणून आम्ही नर्सरीतून एकदम सहा गुलाब आणले. अम्मींनी एकेक फूल नाकाशी नेले आणि म्हणाल्या, "बास नहीं सो फूल को गुलाब कायकू बोलते?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. तेवढ्यात पहिला मे महिना आला आणि सहापैकी चार झाडे वाळली.

झाड निवडताना

आमची पहिली चूक निवडीची होती. आम्ही दांडी लांब, फूल मोठे अशी झाडे उचलली. फुलवाल्याकडे मिळणारा एका दांड्यावरचा एकच मोठा गुलाब तळेगाव दाभाडे परिसरातल्या पॉलिहाउसमध्ये वाढतो, तो तिथेच शोभतो. बाल्कनीत त्याच जातकुळीचे झाड चार-साडेचार फूट उंच होते, खालून उघडे पडते, वाऱ्याने कलते आणि वर्षभरात त्याला मोजकी फुले येतात.

लहान जागेला बुटके, पसरट, झुडपासारखे वाढणारे गुलाब बरे. यांत तीन-चार प्रकार येतात. फ्लोरिबंडा म्हणजे एका फांदीवर झुबक्याने फुले येणारा. पांढरा 'आइसबर्ग' त्यातला जगप्रसिद्ध. तो जर्मनीच्या कॉर्डेस नर्सरीने १९५८ मध्ये आणला आणि आजही आपल्या नर्सऱ्यांत मिळतो. पॉलिअँथाची फुले त्याहून लहान, पण झुबके मोठे. तिसरा मिनिएचर, ज्याला आपण बटण गुलाब किंवा मिनी गुलाब म्हणतो. तो एक-दीड फुटावर थांबतो आणि आठ-दहा इंचांच्या कुंडीत सुखाने राहतो. आणि चौथा आपला गावठी गुलाब. तो मुळात एवढा बुटका नाही, पण दरवर्षी छाटत राहिले तर तीन फुटांत मावतो. वासाच्या बाबतीत पहिले तिघे मिळूनही त्याच्या जवळ येत नाहीत, हे अम्मींचे मत आम्हीही आता मान्य केले आहे.

आपल्या हवेत टिकणारे गुलाब आपल्याच देशात तयार व्हावेत, यासाठी डॉ. बी. पी. पाल यांनी मोठे काम केले. ते गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. पण गुलाबाचा छंद असा की त्यांनी स्वतः अनेक नवे वाण काढले आणि 'द रोज इन इंडिया' हे पुस्तक लिहिले. 'दिल्ली प्रिन्सेस' आणि 'बंजारन' हे त्यांचे फ्लोरिबंडा. राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे गुलाबप्रेमही सर्वांना ठाऊक होते. चंदीगडला १९६७ मध्ये झालेल्या गुलाबबागेला त्यांचे नाव आहे. शिक्षक राहिलेला माणूस गुलाबात रमतो, याचे आम्हाला तरी नवल वाटत नाही. वर्गात चाळीस मुले आणि कुंडीत एक झाड, दोघांनाही घाई चालत नाही.

नर्सरीत गेल्यावर फुलांकडे शेवटी बघावे. आधी बुंधा बघावा. बहुतेक गुलाब कलमी असतात: खाली एका जंगली गुलाबाचा खुंट आणि त्यावर हव्या त्या वाणाचा डोळा भरलेला. ती जागा गाठीसारखी फुगलेली दिसते. गाठीच्या वर किमान दोन-तीन जाड फांद्या हव्यात. फूल एक आणि फांदीही एक, असे झाड स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

या गाठीने आम्हाला एकदा चांगलेच फसवले. आमचे एक झाड पावसाळ्यात असे फोफावले की आम्ही शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. सहा महिने झाले, आठ झाले, कळी नाही. मग एका माळ्याने गाठीखाली बोट ठेवले. वाढ सगळी खुंटाची होती, वरचा गुलाब केव्हाच वाळून गेला होता. गाठीखालून येणारा प्रत्येक फुटवा दिसताक्षणी मुळापासून ओढून काढायचा असतो. नुसता कापला तर तो दुप्पट जोमाने येतो.

माती, पाणी आणि चिलमची

आमच्या भागात काळी माती. ती पाणी धरून ठेवते, सुकली की दगड होते आणि तिच्यात चुनखडी असते. गुलाबाला किंचित आंबट माती मानवते; चुनखडीत त्याला लोह मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. म्हणून कुंडीत आम्ही दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट व जाड वाळू, असे घालतो. वर मूठभर निंबोळी पेंड. शेणखत हाताला गरम किंवा नाकाला उग्र लागले तर ते कुजलेले नाही, ते मुळे जाळते आणि वाळवीला आमंत्रण देते. फ्लोरिबंडा आणि गावठी गुलाबाला बारा इंचांची कुंडी हवी. तळाची भोके मोकळी आहेत ना, हे कुंडी भरण्याआधी बघावे. हे लिहायची गरज नाही असे वाटेल, पण आमच्या मेलेल्या नऊ कुंड्यांपैकी दोन कुंड्यांच्या भोकांत प्लास्टिकचा पडदा तसाच होता.

नर्सरीच्या पिशवीत झाड काळ्या चिकणमातीच्या गोळ्यात असते. तो गोळा तसाच भुसभुशीत मातीत ठेवला तर वरून घातलेले पाणी बाजूने निघून जाते आणि गोळा आतून कोरडा राहतो. कुंडी ओली, झाड तहानलेले, आणि आपल्याला काही कळत नाही. गोळा बादलीत थोडा भिजवून कडेची माती हलक्या हाताने सोडवावी, मुळे तुटू देऊ नयेत, आणि डोळ्याची गाठ मातीच्या वर राहील असे झाड बसवावे.

पाण्याची गोष्ट मात्र नाजूक आहे, कारण ती आमच्या घरातली आहे. अम्मींचे गुडघे दुखतात, त्या खुर्चीवर बसून चिलमचीत वुजू करतात. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे ते पाणी वाया घालवणे त्यांना पटत नाही. बार्शीला वुजूच्या पाण्यावरच गुलाब वाढला होता, म्हणून इथेही त्या दिवसातून पाच वेळा चिलमची कुंड्यांत रिकामी करू लागल्या. त्यांच्या आठवणीत चूक नव्हती. पण बार्शीचा गुलाब जमिनीत होता, उताराच्या कडेला. जास्तीचे पाणी पुढे निघून जाई आणि मुळे हवी तितकी खोल गेली होती. कुंडीत तेच पाणी मुळांपाशी बसते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि मग वरची पाने सुकल्यासारखी दिसतात. सुकलेली दिसतात म्हणून अम्मी आणखी पाणी घालत. दोन झाडे अशी गेली.

हे त्यांना सांगायचे कसे? घर सुटलेल्या बाईला तिच्या हातच्या पाण्याने झाड मेले, असे सांगायला जीभ वळेना. शेवटी आम्ही बाल्कनीत एक झाकणाची बादली ठेवली आणि म्हटले, "अम्मी, पाणी यात जमा करा, सकाळी सगळ्या झाडांना सारखे वाटू." त्यांनी आमच्याकडे जरा रोखून पाहिले. समजल्या असाव्यात. पण दुसऱ्या दिवसापासून चिलमची बादलीत रिकामी होऊ लागली.

आता नियम एकच: बोटाचे दोन पेर मातीत घालायचे, कोरडे लागले तर पाणी, ओले लागले तर उद्या. पाणी सकाळी, बुंध्याशी, कुंडीच्या तळातून निघेपर्यंत. पानांवर संध्याकाळी पाणी मारू नये, रात्रभर ओली राहिलेली पाने रोग धरतात. बोअरचे पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो. पावसाळ्यात कुंड्या दोन-चार वेळा मोकळ्या पावसात ठेवल्या की क्षार धुऊन जातात. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पश्चिमेची भिंत संध्याकाळी तव्यासारखी तापते. गुलाबाला पाच-सहा तास ऊन हवे हे खरे, पण ते सकाळचे. उन्हाळ्यात आम्ही कुंड्या भिंतीपासून हात-दीड हात दूर घेतो, वर हिरवी जाळी बांधतो आणि मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालतो. शिवाय मेच्या सुट्टीत गावी जाताना चावी कोणाकडे तरी देतो. पहिली चार झाडे आमच्या सुट्टीतच गेली होती.

अम्मींचे आणखी एक खत होते: मटण धुतलेले पाणी. बार्शीला त्याने फरक पडत असेलही. तिसऱ्या मजल्यावर त्याने मुंग्या, माश्या आणि एक मांजर आले, आणि मांजराने कुंडी उकरली. चहाचा चोथा द्यायचा तर दूध-साखर पूर्ण धुऊन, वाळवून, चिमूटभर. अंड्याची टरफले चुनखडीच्या मातीत घालण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही, चुना तिथे आधीच पुष्कळ आहे. त्यापेक्षा महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत द्यावे. लावल्या लावल्या खत घालू नये, झाड आधी रुजू द्यावे.

कात्री

आम्हाला सगळ्यात अवघड गेली ती छाटणी. हिरव्या फांदीवर कात्री चालवताना हात थांबतो. पण गुलाबाला फूल नव्या फुटीवर येते. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या मध्याला आम्ही छाटतो. वाळलेल्या, रोगट, पेन्सिलीपेक्षा फार बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी जातात. उरलेल्या बुटक्या गुलाबांच्या फांद्या तिसरा हिस्सा कमी करायच्या. ही झुडपे फार खोल छाटायची नसतात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका. कात्री धारदार हवी, चेपलेल्या फांदीतून शेंडेमर शिरते आणि फांदी वरून काळी पडत खाली येते. कापांना मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतो. साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत फुले येतात. एरवी वर्षभर फूल कोमेजले की ते खालच्या पाच पर्णिकांच्या पानापर्यंत दांडीसह कापावे, म्हणजे दुसरी फूट लवकर निघते.

एक फवारणी, आणि नंतर

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात कोवळ्या शेंड्यांवर मावा आला. कुणीतरी एक औषध सुचवले, आम्ही आणले, मारले. मावा गेला. चौथ्या दिवशी अडीच वर्षांची भाची घरी आली होती. आम्ही स्वयंपाकघरात असताना तिने एक फूल तोडून पाकळ्या तोंडात भरल्या. आमच्या घरात गुलाबाच्या पाकळ्या खायच्याच असतात; अम्मींनीच तिला तसे शिकवले होते. तोंड धुऊन, औषधाची बाटली सोबत घेऊन आम्ही डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी लेबल वाचले, तिला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवले. अल्लाहच्या कृपेने काही झाले नाही. पण परत येताना रिक्षात कुणी एक शब्द बोलले नाही.

डॉक्टरांनी समजावले ते असे. काही कीटकनाशके आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाड ती शोषून घेते आणि ती रसातून पानांत, कळ्यांत, पाकळ्यांत जातात. अशी पाकळी कितीही धुतली तरी औषध आतच असते. नर्सरीतून किंवा फुलबाजारातून आणलेल्या गुलाबांवर काय मारले आहे, हे आपल्याला माहीत नसते. म्हणून विकतच्या फुलांचा गुलकंद, सरबत किंवा शीरखुर्म्यावर पाकळ्या, हे आमच्या घरी बंद झाले. नर्सरीतून नवे आणलेले झाड असेल तर पहिल्या काही महिन्यांची फुले फक्त बघायची.

आता आमचा इलाज साधा आहे. मावा दिसला की पाण्याची जोरदार धार. उन्हाळ्यात पानांमागे बारीक जाळी आणि लाल ठिपके हलताना दिसले तर तो लाल कोळी. त्यालाही पानांच्या खालच्या बाजूने सकाळी पाणी मारले की तो कमी होतो, कारण त्याला कोरडेपणा आवडतो. त्यावर भागले नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण, उन्हे उतरल्यावर. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येतात. ती पाने खुडून, गळलेलीही उचलून, कचऱ्यात टाकतो, कुंडीत कुजू देत नाही. हिवाळ्यातली पांढरी भुरी दाटीवाटीच्या झाडांवर आधी दिसते, तेव्हा कुंड्यांत अंतर ठेवतो. काही पाने खाल्लेली असतात, काही वेडीवाकडी. असू देत.

अमेरिकेत विल्यम रॅडलर नावाच्या माणसाला फवारण्यांचाच कंटाळा आला आणि त्याने काळ्या ठिपक्यांना सहज बळी न पडणारा झुडपी गुलाब तयार केला. 'नॉक आउट' नावाने तो २००० साली बाजारात आला आणि तिकडे घरोघरी लागला. पुढे तिथे दुसऱ्याच एका विषाणूजन्य रोगाने त्यालाही गाठले.

चौदा काड्या

गेल्या वर्षी बार्शीचे घर विकायचे ठरले. चार भावंडांचा हिस्सा, पडके छत, दुसरा मार्ग नव्हता. घेणाऱ्याने ऑक्टोबरअखेर ताबा मागितला, तो तिथे नवे बांधकाम करणार होता. अम्मींनी सह्या केल्या, काही बोलल्या नाहीत. रात्री फक्त विचारले, "उसका क्या करते?" त्या घराबद्दल विचारत नव्हत्या.

झुडूप उपटून आणायचा प्रयत्न केला. तीस वर्षांचे झाड, मुळे शहाबादी फरशीच्या खाली गेलेली. पहार लावली तर बुंधाच चिरू लागला. मग काड्या घ्यायचे ठरले. ऑक्टोबर होता, हवा उतरत होती, तेवढे नशीब. गावठी गुलाब स्वतःच्याच मुळांवर असतो, खुंट वगैरे भानगड नाही, त्यामुळे त्याची काडी लागली की तोच गुलाब.

पेन्सिलीएवढ्या जाड, नुकतीच फुले येऊन गेलेल्या फांद्यांच्या सहा ते आठ इंचांच्या चौदा काड्या कापल्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा तिरका, म्हणजे उलटी लावायची भीती नाही. वरचे एक पान ठेवून बाकीची काढली. ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने सोलापूरला आणल्या आणि त्याच संध्याकाळी वाळू-कोकोपीटच्या मिश्रणात निम्म्या खोल खोचल्या. सावलीत ठेवून वर पारदर्शक बाटल्या कापून उपड्या घातल्या, दिवसातून एकदा उघडून हवा देत गेलो. खत अजिबात नाही.

पंधरा दिवसांत नऊ काड्यांना हिरवे कोंब फुटले. घरात ईद. आम्ही शाळेत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पुढच्या दोन आठवड्यांत त्यातले सहा कोंब काळे पडले. काडीत साठवलेल्या अन्नावर कोंब फुटतो, त्याला मूळ आलेले असतेच असे नाही; साठा संपला की तो मान टाकतो. हे आम्हाला माहीत नव्हते. धाकट्याला राहवले नाही म्हणून त्याने एक जिवंत काडी उपटून पाहिली. टोकाला पांढरी गाठ आली होती, मूळ फुटायच्या बेतात होते. परत खोचली, पण ती लागली नाही. त्याला आम्ही रागावलो, आणि नंतर अम्मी आम्हाला रागावल्या.

डिसेंबरअखेर दोन उरल्या. हलके ओढून पाहिले तर जमिनीने धरून ठेवले होते. जानेवारीत त्यांना स्वतंत्र कुंड्यांत लावले. तोवर बार्शीला जेसीबी येऊन गेला होता.

मार्चमध्ये एका रोपाला वाटाण्याएवढी कळी आली. लहान रोपाच्या पहिल्या कळ्या खुडायच्या असतात, म्हणजे जोर मुळांकडे जातो; आम्ही कात्री घेऊन गेलो तर अम्मी कुंडीशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. चार दिवस त्या तिथून हलल्या नाहीत. कळी उमलली, लहानच, बार्शीच्या फुलाच्या निम्मी. अम्मींनी ती तोडली नाही, वाकून वास घेतला, मग आम्हाला वाकायला सांगितले. दुसऱ्या कळीला कात्री लावायची परवानगी त्यांनी दिली आहे.

दुसरे रोप पाऊस लागला की नणंदेकडे जाणार आहे. तिचे घर बैठे आहे, मागे मोरीच्या उताराला मोकळी जमीन आहे. तिथे पाणी किती घालायचे, हे अम्मी तिला फोनवर रोज सांगतात.